बुद्धिबळातली मधली पायरी : कोकणातल्या खेळाडूसाठी अभ्यासाची दिशा

वाडीतल्या सगळ्यांना हरवणारा, गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलतभावाकडून दोनातला एक डाव हमखास काढणारा आणि तरीही जिल्ह्याच्या स्पर्धेत सात फेऱ्यांअखेर तीन-साडेतीन गुणांवर अडकणारा खेळाडू कोकणात गावोगाव भेटतो. त्याला सगळे नियम येतात, तो वेळेवर कॅसलिंग करतो, फोर्क आणि पिन म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागत नाही, आणि दोन-तीन ओपनिंगच्या पहिल्या सात-आठ चाली त्याला तोंडपाठ असतात. मानांकन असलेच तर ते १४०० ते १७०० च्या आसपास असते आणि तीन-तीन वर्षे तिथेच घुटमळते. हा लेख अशा खेळाडूसाठी आहे. सोंगट्यांच्या चाली अजून शिकत असलेल्याने तो बाजूला ठेवावा.

अशा खेळाडूचा ठाम समज असतो की आपले ज्ञान कमी पडते, म्हणून तो आणखी एक ओपनिंग शिकतो, आणखी व्हिडिओ पाहतो. माझा अनुभव वेगळा आहे. या पायरीवर हरलेले डाव नंतर उलगडून पाहिले, तर त्यातल्या बहुतेक चुका खेळाडूला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींच्याच असतात. पटावर त्या वेळी त्याने पाहिलेले नसते, इतकेच. म्हणून अभ्यासाचा क्रम मी असा सुचवतो : आधी स्वतःचे डाव, मग चालींची मोजणी, मग डावाचा शेवट, आणि ओपनिंग सगळ्यांत मागून.

लेखातील घरांची नावे नेहमीच्या पद्धतीची आहेत. पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशा आठ पट्ट्या आणि पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ अशा आठ रांगा. पट समोर मांडून वाचले तरच पुढच्या मजकुराचा उपयोग होईल.

पट, सोंगट्या आणि वही

घरातला शोभेचा लाकडी संच अभ्यासाला घेऊ नये. पावसाळ्यात कोकणातल्या दमट हवेत लाकूड फुगते, खालच्या मखमलीला बुरशी धरते, आणि स्पर्धेत समोर येणाऱ्या सोंगट्यांपेक्षा त्यांचे आकार वेगळे असल्याने नजरेला चुकीची सवय लागते. गुंडाळता येणारा रेक्झिनसारखा पट आणि वजनदार प्लॅस्टिकच्या सोंगट्या, ज्यांतला राजा पावणेचार इंचांचा आणि घर सव्वादोन इंचांचे असते, हा स्पर्धेतला नेहमीचा संच आहे, तोच घ्यावा. ओला झाला तरी पुसून ठेवता येतो.

दुसरी वस्तू म्हणजे दोनशे पानी वही, आणि खरा अभ्यास तिच्यातच होणार आहे. प्रत्येक गंभीर डाव, म्हणजे दर खेळाडूला किमान १५ मिनिटे असलेला डाव, तिच्यात उतरवावा. डाव झाल्यावर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या दिवशी, इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, न लावता तो पटावर पुन्हा खेळावा आणि तीन ठिकाणी थांबावे : जिथे आपण सर्वांत जास्त वेळ घेतला, जिथे डावाचा कल बदलला असे वाटते, आणि जिथे समोरच्याच्या चालीने आपण दचकलो. प्रत्येक ठिकाणी त्या वेळी मनात काय होते ते प्रामाणिकपणे लिहावे. ‘मला वाटले तो प्यादे मारील’ ही नोंद ‘चूक झाली’ या नोंदीपेक्षा कितीतरी मोलाची असते, कारण पहिल्या नोंदीत चुकीचे कारण दिसते.

इंजिन यानंतर लावावे. स्टॉकफिश हे इंजिन फुकट आहे आणि लिचेस या संकेतस्थळावर ते डावाबरोबरच चालते, पण आधी लावले तर ते आपल्यासाठी विचार करून टाकते आणि वही कोरी राहते. इंजिनने दाखवलेल्या प्रत्येक बारीक फरकामागे जाण्याचेही कारण नाही. अर्ध्या प्याद्याएवढा फरक या पातळीवर निकाल ठरवत नाही. एका चालीत दोन-तीन प्याद्यांएवढी उडी असेल तिथेच थांबावे आणि त्या चुकीला स्वतःच्या शब्दांत नाव द्यावे : धमकी पाहिली नाही, मोजणी एक चाल आधी थांबली, घाईत अदलाबदल केली, जिंकत असताना ढिला पडलो. वीस-पंचवीस डावांनंतर यांतली दोन नावे पुन्हा पुन्हा आलेली दिसतील, आणि पुढच्या दोन महिन्यांचा अभ्यासक्रम कोणता हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

समोरच्याने ही चाल का केली?

माझ्या आणि मी ज्यांच्याबरोबर बसतो त्या मुलांच्या वह्यांत सर्वाधिक वेळा आलेले नाव म्हणजे ‘धमकी पाहिली नाही’. त्यावर उपाय एकच. समोरच्याने चाल केली की आपला बेत बाजूला ठेवून आधी तिचे कारण शोधावे : या सोंगटीने आता कोणती घरे धरली, कोणते घर सोडले, आणि तिच्या मागून कोणाची वाट उघडली? हे तीन प्रश्न विचारायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत.

एक उदाहरण पटावर मांडून पाहावे. पांढरा ई४, काळा ई५. पांढरा घोडा एफ३ वर, काळा घोडा सी६ वर. पांढरा उंट सी४ वर. इथपर्यंत सगळे ओळखीचे आहे. आता काळा घोडा सी६ वरून डी४ वर उडी मारतो. मधल्या पायरीवरचा खेळाडू पाहतो की ई५ वरच्या प्याद्याचा रक्षक निघून गेला, म्हणून तो घोड्याने ते प्यादे मारतो. काळा वजीर जी५ वर येतो आणि एकाच वेळी ई५ वरच्या घोड्यावर आणि जी२ वरच्या प्याद्यावर नेम धरतो. पांढऱ्याला वाटते, यापेक्षा चांगले काय हवे, माझ्याकडे फोर्क आहे. आणि तो घोड्याने एफ७ मारून वजीर आणि हत्ती एकदम धरतो. पण वजीर जी२ वरचे प्यादे मारतो, आणि आता एच१ वरचा हत्ती धोक्यात आहे. हत्ती एफ१ वर सरकतो, वजीर ई४ मारून शह देतो, उंट ई२ वर मध्ये येतो आणि काळा घोडा एफ३ वर जाऊन मात करतो. ई२ वरचा उंट पिन झालेला, म्हणजे राजापुढून हलू न शकणारा, असल्याने त्याला घोडा मारता येत नाही, जी२ वरचे प्यादे आधीच गेलेले आहे, आणि राजाच्या भोवतालची सगळी घरे त्याच्याच माणसांनी भरलेली आहेत. सात चालींत डाव संपला.

हा सापळा जुना आहे आणि जाणत्या खेळाडूसमोर चालत नाही, तरीही मी तो मुलांना मुद्दाम दाखवतो. यात फसणारा अडाणी नसतो. त्याला फोर्क ओळखता येतो आणि नेमक्या त्या ओळखीनेच तो फसतो. डी४ वर घोडा आल्यावर ‘हा इथे का आला’ असे त्याने विचारले असते, तर ई५ चे प्यादे तो विनाकारण सोडणार नाही हे लक्षात आले असते. तिथे घोड्याने घोडा मारावा, काळ्याने प्याद्याने परत मारल्यावर शांतपणे कॅसलिंग करावे, आणि चांगला डाव घेऊन पुढे जावे.

स्वतःच्या चालीचा विचार करताना ठरावीक क्रम असावा : आधी सगळे शह, मग सगळ्या मारामाऱ्या, मग धमक्या. तोच क्रम आपली चाल झाल्यानंतर समोरच्याच्या बाजूनेही चालवावा, म्हणजे ‘मी हे खेळलो तर त्याच्याकडे कोणता शह आहे, काय मारता येते’. अगदी निरर्थक वाटणारा शहसुद्धा एकदा नजरेखालून घालावा. सोंगटीला हात लावण्यापूर्वी हात मांडीवर ठेवून बसावे, ही जुनी शिकवण आजही तितकीच खरी आहे.

जाता जाता एक गोष्ट. पडवीत पट मांडून बसणारी जुनी मंडळी अजूनही देशी पद्धतीने खेळतात. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते आणि प्यादेमात केली की विशेष मान असतो. त्यांच्याबरोबर अवश्य खेळावे, कारण संथ डावाचा धीर त्यांच्याकडून मिळतो. मात्र मात कशाने केली याला स्पर्धेत वेगळा गुण नसतो. मिळत असलेली साधी मात सोडून देखण्या मातेच्या मागे लागल्यामुळे हरलेले दोन डाव माझ्या वहीत आहेत.

कोडी सोडवण्याची पद्धत

मोबाइलवर तासाला साठ कोडी सोडवणे हा व्यायाम नव्हे. पहिली चाल ओळखीची वाटली की बोट ठेवायचे, चुकले तर पुढचे कोडे, या पद्धतीने अंदाजाची सवय वाढते आणि स्पर्धेत तीच नडते. रोज वीस ते तीस मिनिटे, पाच-सहा कोडी, पण पटावर मांडून, सोंगट्यांना हात न लावता, पूर्ण उत्तर कागदावर लिहून मगच पडताळावे. उत्तरात समोरच्याचा सर्वांत चांगला बचावही आला पाहिजे. पहिली चाल बरोबर आणि तिसरी चूक असेल, तर ते कोडे चुकले असेच धरावे.

चुकलेल्या कोड्यांची वेगळी यादी करावी आणि ती दहा दिवसांनी, मग महिन्याने पुन्हा सोडवावी. लिचेसवर विषयवार कोडी मिळतात, परंतु एकाच विषयाची सलग सोडवू नयेत; ‘पिन’ असे वर लिहिलेले असताना पिन शोधणे सोपे असते, डावात तशी पाटी कोणी लावत नाही. पावसात लाईट आणि रेंज दोन्ही जाणार हे गृहीत धरून मे महिन्यातच शंभरेक कोडी छापून ठेवावीत.

पट न पाहता करायचा व्यायाम एस.टी.त किंवा बाजारातून चालत येताना होतो. एफ६ हे घर काळे की पांढरे, ए१ वरून निघालेला उंट कोणकोणत्या घरांवरून जाऊ शकतो, घोडा जी१ वरून डी७ वर किती चालींत पोहोचेल. ए१ वरचा घोडा एच८ वर न्यायला कमीत कमी सहा चाली लागतात. त्या सहा चाली मनात लावता येऊ लागल्या की डावातली मोजणीही एक-दोन चाली पुढे जाते.

डावाचा शेवट : इथे गुण मिळतात

मधल्या पायरीवरचे खेळाडू हा भाग टाळतात, म्हणून तो शिकलेल्याला प्रत्येक स्पर्धेत अर्धा-एक गुण जास्त मिळू शकतो. सुरुवात राजा आणि एका प्याद्याने करावी.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहातल्या स्पर्धेत माझ्याकडे हत्तीच्या शेवटात एक प्यादे जास्त होते. ते ई३ वर होते. पुढे गेलेले बरे, एवढ्याच विचाराने मी ते ई४ वर सरकवले आणि एका चालीनंतर, प्यादे जास्त आहे म्हणजे आपण जिंकलोच या समजात, हत्ती बदलले. पटावर उरले ते असे : माझा राजा ई५ वर, प्यादे ई४ वर, त्याचा राजा ई७ वर, आणि चाल माझी. मी राजा डी५ वर नेला तर तो डी७ वर येतो, मी एफ५ वर गेलो तर तो एफ७ वर. दोन राजे एक घर मध्ये सोडून समोरासमोर आणि चाल ज्याची तो मागे हटणारा, यालाच ऑपोझिशन म्हणतात. दहा चालींत बरोबरी झाली. परतीच्या एस.टी.त चुंबकाच्या छोट्या पटावर मी ते प्यादे पुन्हा ई३ वर ठेवले, आणि तेव्हा दिसले की तसे असते तर मी ई४ खेळून चाल त्याच्यावर ढकलली असती, त्याला राजा बाजूला घ्यावा लागला असता आणि माझा राजा सहाव्या रांगेत घुसला असता. प्याद्याची एक शिल्लक चाल मी तिची किंमत न कळता खर्च केली होती.

यातून लक्षात ठेवण्यासारखे तीन नियम निघतात. पहिला, राजा प्याद्याच्या पुढे चालवावा, प्यादे मागून यावे. दुसरा, राजा सहाव्या रांगेत आपल्या प्याद्याच्या पुढे पोहोचला, उदाहरणार्थ राजा ई६, प्यादे ई५, समोर राजा ई८, तर चाल कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. अपवाद फक्त कडेच्या, म्हणजे ए आणि एच पट्टीवरच्या प्याद्यांचा. तिसरा, प्याद्यांच्या शिल्लक चाली विनाकारण संपवू नयेत. हे तिन्ही वाचून सोडून देऊ नयेत. घरातल्या कोणाला तरी काळ्या राजाच्या बाजूला बसवून दहा वेळा खेळून पाहावेत.

मोकळे प्यादे एकटे धावत असेल तर चौकोनाचा नियम लागतो. प्यादे ए४ वर असेल तर ए४, ई४, ई८ आणि ए८ या चार कोपऱ्यांचा चौकोन मनात आखावा. काळा राजा एफ५ वर असून चाल त्याची असेल, तर तो चौकोनात पाऊल ठेवतो आणि प्यादे गाठतो. चाल पांढऱ्याची असेल तर प्यादे ए५ वर जाते, चौकोन आकसतो आणि राजा बाहेर राहतो. चाली मोजत बसावे लागत नाही.

हत्ती बदलून राजा-प्याद्यांच्या शेवटात जाणे हा डावातला सर्वांत न बदलता येणारा निर्णय असतो, आणि जगज्जेतेपदाच्या लढतीतही तो चुकतो. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांच्या लढतीचा चौदावा, शेवटचा डाव सुरू झाला तेव्हा दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण होते. डाव बरोबरीकडे चालला होता. दोघांकडे एकेक हत्ती आणि एकेक उंट, आणि काळ्या सोंगट्यांनी खेळणाऱ्या गुकेशकडे एक प्यादे जास्त. ५५व्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती बदलले आणि लगेच उंट डी५ वर आणला. पांढरा उंट ए८ च्या कोपऱ्यात असल्याने त्याला ही दुसरी अदलाबदल टाळता येईना. उंट गेले की उरला तो राजा आणि प्याद्यांचा शेवट, आणि तो काळ्याचा जिंकलेला होता. हत्ती उभे असते तर डिंगला बरोबरी ठेवता येत होती. म्हणून कोणतीही अदलाबदल करण्यापूर्वी, ती झाल्यावर पटावर काय उरेल ते डोळ्यांपुढे आणावे आणि ‘हे मी जिंकतो का’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय हात पुढे करू नये.

हत्तींच्या शेवटांत दोनच स्थिती आधी घोटून घ्याव्यात. एक आहे लुसेनाची. पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१, काळा राजा ई७, हत्ती एच२, चाल पांढऱ्याची. प्याद्याला वजीर व्हायचे आहे, पण स्वतःचाच राजा वाटेत आहे आणि बाहेर पडला की काळा हत्ती शह देत राहणार. पांढरा आधी हत्ती ई१ वर आणून शह देतो, काळा राजा डी७ वर जातो, आणि मग हत्ती ई४ वर येतो. या चालीला इतर भाषांत पूल बांधणे म्हणतात; आपल्याकडे पऱ्ह्यावर साकव घालतात तसेच हे काम आहे, पाणी येण्याआधी लाकूड टाकून ठेवायचे. आता काळा हत्ती एच१ वर थांबतो, पांढरा राजा एफ७ वर निघतो, एफ१ वरून शह, राजा जी६. जी१ वरून शह, राजा एफ६. एफ१ वरून शह, राजा जी५. जी१ वरून पुन्हा शह, आणि आता पांढरा हत्ती ई४ वरून जी४ वर मध्ये येतो. शह संपले, प्यादे वजीर होते. हत्ती आधीच चौथ्या रांगेत का ठेवला, हे शेवटच्या चालीलाच कळते.

दुसरी फिलिडोरची, बचावासाठी. आपला राजा समोरच्याच्या प्याद्याच्या वाटेत असावा आणि आपला हत्ती आपल्या बाजूने तिसऱ्या रांगेत, म्हणजे काळ्यासाठी सहाव्या रांगेत, आडवा उभा असावा. त्यामुळे पांढऱ्या राजाला त्या रांगेत येता येत नाही. तिथेच इकडेतिकडे सरकत राहावे. ज्या क्षणी पांढरा प्यादे सहाव्या रांगेत ढकलतो, त्या क्षणी हत्ती थेट पहिल्या रांगेत न्यावा आणि मागून शह देत राहावे. राजाला लपायला आता प्याद्याचा आडोसा उरलेला नसतो.

उंट आणि घोडा मिळून मात कशी करायची हे शिकण्यात सध्या आठवडा घालवू नये. ती स्थिती वर्षानुवर्षे समोर येत नाही.

ओपनिंग : थोडे आणि समजून

पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन, ई४ विरुद्ध एक आणि डी४ विरुद्ध एक, एवढे पुरे. ई४ खेळणाऱ्याने इटालियन, म्हणजे वरच्या सापळ्यात आलेली ई४, घोडा एफ३, उंट सी४ ही सुरुवात, घ्यावे. काळ्याने ई४ विरुद्ध कारो-कान घ्यायला हरकत नाही : सी६, मग डी५, आणि मुख्य प्रकारात सी८ चा उंट एफ५ वर बाहेर पडल्यानंतर ई६, म्हणजे उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जात नाही. डी४ विरुद्ध डी५ आणि ई६ चा जुना, भक्कम बचाव.

चाली पाठ करण्यापेक्षा प्याद्यांची मांडणी ओळखावी. वजिराच्या गॅम्बिटमध्ये, म्हणजे डी४, डी५ नंतर सी४ खेळले जाते त्या प्रकारात, पांढऱ्याने सी४ च्या प्याद्याने डी५ मारले आणि काळ्याने ई६ च्या प्याद्याने परत मारले, की पांढऱ्याकडे वजिराच्या बाजूला कमी प्यादी उरतात. तरीही तिथेच त्याने बी-प्यादे बी४, बी५ असे पुढे न्यायचे असते, कारण सी६ वर अदलाबदल झाली की काळ्याकडे सी पट्टीवर एक कमकुवत प्यादे कायमचे राहते आणि पांढऱ्या हत्तींना लक्ष्य मिळते. एवढा एक बेत समजला तर पुढच्या पंधरा चालींना दिशा मिळते, आणि पाठ केलेली ओळ समोरच्याने मोडली तरी घाबरायला होत नाही. बेत सुचतच नसेल तेव्हा आपली सर्वांत निकामी उभी असलेली सोंगटी शोधून ती चांगल्या घरी न्यावी.

वर्षाचे वेळापत्रक

कोकणातल्या खेळाडूची खरी अडचण पुस्तके किंवा शिक्षक यांची नसून प्रतिस्पर्ध्यांची आहे. चांगले खेळणारी मुले बारावीनंतर मुंबई-पुण्याला जातात आणि गावात बरोबरीचा माणूस उरत नाही. म्हणून वर्ष ऋतूंप्रमाणे वाटून घ्यावे. जून ते ऑगस्ट, मुसळधार पाऊस कोसळत असताना, शेताची कामे आटोपून संध्याकाळी घरातच बसायचे असते. कोडी आणि डावाचा शेवट या काळात करावा. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा एकेक सुटा डाव खेळू नये, त्यांतल्या तगड्या खेळाडूबरोबर सहा डावांचा सामना ठरवावा, घड्याळ लावून आणि दोघांनी चाली लिहून. आरती आणि भजनाच्या मध्ये दिवसाला दोन डाव सहज होतात. दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत स्पर्धांचा काळ, आणि मे महिन्यात पुन्हा मुंबईकरांबरोबर सराव.

मधल्या काळात ऑनलाइन खेळावे, पण तीन मिनिटांचे डाव टाळून १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंद या वेळेचे. आठवड्याला असे तीन डाव आणि तिन्हींची वहीत नोंद, हे रोजच्या तीस झटपट डावांपेक्षा चांगले. मोठ्या स्पर्धा प्रत्यक्ष पाहण्याची संधी सोडू नये. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, विश्वचषक स्पर्धा गोव्यात झाली, म्हणजे सिंधुदुर्गातल्या मुलाला एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अंतरावर. जगातले उत्तम खेळाडू एका चालीसाठी वीस मिनिटे बसतात, हे डोळ्यांनी पाहिले की पडद्यावरच्या डावांचा वेग आपोआप उतरतो.

स्पर्धेच्या दिवशी

फेरी सकाळी असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामी पोहोचावे. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात आणि घाटात एस.टी. अडकली तर घड्याळ आपल्याविना सुरू होते.

९० मिनिटे आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद अशा डावात चाली लिहिणे बंधनकारक असते. चाल आधी खेळावी आणि नंतर लिहावी. आधी लिहून ठेवण्याची जुनी सवय आता नियमात बसत नाही. चालींशेजारी घड्याळातली उरलेली वेळ लिहायला मात्र परवानगी आहे आणि ती दर चार-पाच चालींनी अवश्य लिहावी, कारण घरी वही उघडल्यावर सर्वांत बोलका मजकूर तोच असतो. बाराव्या चालीपर्यंत चाळीस मिनिटे गेली आणि पस्तिसाव्या चालीला मोठी चूक झाली, तर दुखणे ओपनिंगमध्ये आहे हे लगेच दिसते. सोंगटीला मुद्दाम हात लावला तर तीच खेळावी लागते. वाकडी सोंगटी सरळ करायची असेल तर आधी तसे बोलून, आणि आपली चाल असतानाच करावी.

बरोबरी मागायची तर स्वतःची चाल खेळून, घड्याळ दाबण्यापूर्वी मागावी. समोरच्याचे मानांकन पाहून चांगल्या स्थितीत बरोबरी मागणे हा या पायरीवरचा मोठा रोग आहे. जास्त मानांकनाच्या खेळाडूने आपणहून बरोबरी देऊ केली, तर घेण्यापूर्वी पाच मिनिटे पट पाहावा. त्याला काहीतरी खुपते आहे.

मानांकनाचा हिशेब जाणून घेतला की त्याची भीती कमी होते. पहिले मानांकन मिळण्यासाठी मानांकित खेळाडूंविरुद्ध किमान पाच डाव लागतात, आणि मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीतला तळ १४०० आहे. नव्या खेळाडूच्या पहिल्या तीस डावांपर्यंत गुणक, म्हणजे एका डावाने मानांकन किती बदलावे हे ठरवणारा आकडा, ४० असतो, नंतर सर्वसाधारणपणे २०. म्हणून सुरुवातीला एका स्पर्धेत साठ-सत्तर गुण खाली जाणे हे काही आश्चर्य नव्हे, आणि तितकेच वर येणेही नव्हे.

हरल्यानंतर समोरच्याबरोबर बसून डाव पुन्हा मांडावा, तो तयार असेल तर. त्याला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या चालीनंतर तुला वाटले की आपण जिंकणार? त्याचे उत्तर चाली लिहिलेल्या कागदाच्या मागे लिहून घ्यावे आणि पुढच्या फेरीची जोडी लागायच्या आत चहा पिऊन यावे.